रोजचे माप

आपल्यापाशी वेळ नाही ही तक्रार ज्या समाजात थोरामोठ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसलेली असते, त्या समाजात वेळ वाचविण्याच्या युक्त्या सांगणाऱ्यांचा धंदा बरकतीस यावा, यात नवल ते काय? पहाटे पाचच्या आत अंथरूण सोडण्याचा उपदेश करणारी पुस्तके, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून विकल्या जाणाऱ्या रोजनिशा, आणि खिशातल्या खिशात किणकिणून ‘आता उठा, आता पाणी प्या, आता कामाला लागा’ असे हुकूम सोडणारी मोबाइलवरील अ‍ॅप्स यांचा एवढा सुकाळ झाला आहे की, ती सर्व नीट समजून घेऊन आचरणात आणावयाची म्हटली, तर तेवढ्यासाठीच एखाद्याला नोकरीचा राजीनामा द्यावा लागेल. या उपायांपैकी पुष्कळसे निरुपद्रवी आहेत, काही उपयोगीही आहेत. पण वेळ इकडेतिकडे सांडत असतो आणि तो वेचून एकत्र केला की काम आपोआप पार पडते, ही जी समजूत त्यांच्या मुळाशी आहे, ती मला पटत नाही. सुट्टीचा अखंड दिवस हाती येऊनही दिवेलागणीला पाहावे तो योजिलेले काम जागच्या जागी, हा अनुभव कोणाला नाही? माणसाचे काम अडते ते बहुधा वेळेच्या तुटीमुळे अडत नाही. आज नेमके किती केले म्हणजे पुरे झाले, याचे माप अगोदर ठरलेले नसते आणि ठरलेले असले तरी त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही, म्हणून ते अडते.

असा हिशेब आयुष्यभर इमानेइतबारे ठेवणारा एक गृहस्थ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात होऊन गेला. अँथनी ट्रॉलप हे त्याचे नाव. धंद्याने तो टपालखात्याचा नोकर होता, आणि इंग्रजांच्या रस्तोरस्ती उभ्या असणाऱ्या टपालपेट्या त्याच्या शिफारशीवरून १८५२ साली प्रथम जर्सी बेटात बसविल्या गेल्या, ही गोष्ट त्याच्या कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. नोकरीचा व्याप सांभाळून, फिरतीवर असताना हजारो मैलांची रपेट करून आणि हिवाळ्यात घोड्यावर बसून कोल्ह्यांची शिकार करण्याचा षोक यथेच्छ पुरवून या माणसाने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याशिवाय प्रवासवर्णने, चरित्रे आणि कथा आहेतच. हे कसे साधले ते त्याने आत्मचरित्रात कसलाही आडपडदा न ठेवता सांगून टाकले आहे. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशी लिहिलेला मजकूर वाचण्यात जाई; त्यानंतर घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द या प्रमाणात लेखणी चाले आणि न्याहारीची वेळ होण्यापूर्वी तीन तासांचे काम उरकून दिवसाचे ऋण फिटलेले असे. नवी कादंबरी हाती घेतली की तो एक रोजनिशी आखी, तीत आठवड्याआठवड्याचे रकाने पाडी आणि रोज किती पाने झाली त्याची नोंद करी. आठवड्याची सरासरी सुमारे ४० पानांची. ती क्वचित २० पर्यंत उतरे आणि एकदा ११२ पर्यंत चढली होती. पान ही संज्ञा संदिग्ध असल्यामुळे त्याने आपले पान २५० शब्दांचे ठरविले होते, आणि शब्दांवर नजर ठेवली नाही तर ते भटकतात म्हणून प्रत्येक शब्द मोजला जात असे. आठवड्याची पाने कमी भरली की तो रकाना त्याच्या डोळ्यांत सले.

हा माणूस जन्मतः शिस्तीचा होता असे कोणी समजू नये. १८३४ साली लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत तो कनिष्ठ कारकून म्हणून रुजू झाला, आणि पुढील सात वर्षांची त्याची कीर्ती उशिरा येणारा, वरिष्ठांची बोलणी खाणारा आणि कर्जात बुडालेला तरुण अशीच होती. शिंप्याचे थोडे देणे एका सावकाराच्या हाती जाऊन त्याचे अखेर २०० पौंडांहून अधिक झाले. आणि हा सावकार कचेरीत थेट ट्रॉलपच्या खुर्चीमागे येऊन उभा राही व ‘आता तरी वक्तशीर व्हा’ असा उपदेश करी. उपदेशाचा परिणाम शून्य झाला. बदल घडला तो १८४१ साली आयर्लंडमध्ये बदली झाल्यावर. तेथे हाती स्वतंत्र जबाबदारीचे काम आले, आणि ज्याला लंडनमधील वरिष्ठ निकामी ठरवीत होते तोच माणूस खात्याचा एक भरवशाचा अधिकारी ठरला. आळस हा स्वभावाचा दोष मानून जे स्वतःला दूषणे देत बसतात, त्यांनी ही सात वर्षे आणि त्यानंतरचा हा पालट दोन्ही लक्षात ठेवावीत.

ट्रॉलपच्या रीतीतील मर्म पहाटेच्या प्रहरात आहे असे मला वाटत नाही. रात्री बसून लिहिणाऱ्यांनीही उदंड लिहिले आहे. मर्म आहे ते मापाच्या नेमकेपणात. ‘आज कादंबरी पुढे न्यावयाची’ हा संकल्प आहे. ‘आज दहा पाने’ हे माप आहे, आणि संकल्प पुरा झाला की नाही याविषयी मनाशी वाद घालता येतो, तसा मापाविषयी घालता येत नाही. शिवाय माप पुरे झाले की उठण्याची मुभा मिळते, आणि ही मुभा हेच त्याचे मोठे बक्षीस. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाने ‘दिवसभर इतिहास’ असे ठरविण्याऐवजी एक प्रकरण वाचून, पुस्तक मिटून, त्याचे टिपण स्वतःच्या शब्दांत उतरावयाचे असे ठरवावे. कचेरीतल्या कारकुनाने ‘तुंबलेले काम’ या भुताशी झुंजण्याऐवजी जेवणाच्या सुट्टीपूर्वी अमुक पाच प्रकरणे निकालात काढावयाची असे ठरवावे. मग दिवसाला शेवट येतो.

नोंदीचे महत्त्व आपल्याकडील जुन्या कारभाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नसे. पेशव्यांच्या फडातील रोजकीर्द ही त्याच दिवशी लिहिली जावयाची. जमा, खर्च आणि बाकी ज्या त्या तारखेला, आठवणीवर भिस्त ठेवून मागाहून काही नाही. त्या शिस्तीतून मागे उरलेल्या कागदांचे पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३५,००० रुमाल बांधलेले आहेत. १९३० च्या सुमारास मुंबई सरकारने या दफ्तरातील महत्त्वाचे कागद निवडून छापण्याचे काम गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे सोपविले, तेव्हा बडोद्याची प्रदीर्घ नोकरी संपवून त्यांनी वयाची साठी ओलांडलेली होती. मोजक्या साहाय्यकांच्या बळावर त्यांनी १९३४ पर्यंत ४५ खंड काढले. हा वेग चकित करणारा खरा. पण त्यामागे एक फार मोठा नकार उभा आहे. सगळे रुमाल शब्दशः वाचून, सगळेच छापू असे त्यांनी म्हटले असते, तर ते काम त्यांच्या नातवंडांच्याही हयातीत संपले नसते. निवडक कागद एवढीच कामाची मर्यादा होती आणि ती मर्यादा पाळली गेली. निवडीत अमुक राहिले, तमुक सुटले, अशी टीका पुढील अभ्यासकांना करता आली, तीदेखील हे खंड हाती पडल्यामुळेच.

मर्यादा नसली की काय होते, याची मौज सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन याने १९५५ साली ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकातील एका लेखात सांगितली. कामासाठी जितका वेळ उपलब्ध असेल तितके ते काम पसरते, हा त्याचा सिद्धांत. दुसरे काहीच काम नसलेली एक वृद्ध बाई भाचीला एक पोस्टकार्ड पाठविण्यात सबंध दिवस घालविते: तास कार्ड हुडकण्यात, तास चष्मा शोधण्यात, अर्धा तास पत्त्यासाठी, सव्वा तास मजकुरासाठी, आणि वीस मिनिटे पलीकडच्या गल्लीतील टपालपेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नको या विचारात, तेच कार्ड कामात गढलेला माणूस तीन मिनिटांत लिहून मोकळा होतो. (ती टपालपेटी तिथे ट्रॉलपच्या शिफारशीमुळे उभी होती, हा योगायोग पार्किन्सनच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे.) विनोदाआड आकडेही होते. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमारातील मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि आरमारखात्याच्या कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. खात्याच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येते. परंतु रविवारचा दिवस सबंध मोकळा आहे म्हणून विजेचे बिल भरणे, कपाट आवरणे आणि मावशीला फोन करणे एवढ्याच तीन गोष्टींत तो संपतो, तेव्हा तोच नियम आपल्या घरी नांदत असतो.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच सार्वत्रिक आहे. कामाला किती दिवस लागतील याचा अंदाज माणूस नेहमी कमी धरतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारले की, तुमचे काम किती दिवसांत पुरे होईल? सरासरी उत्तर आले सुमारे ३४ दिवस. जे जे बिघडू शकते ते सर्व बिघडले असे धरून चाला, असे सांगितल्यावर तेच उत्तर ४९ च्या आसपास गेले. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवस. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही वस्तुस्थितीपेक्षा आशावादीच निघाली. आपण अंदाज करतो तेव्हा समोरचे काम तेवढे पाहतो. पाहुणे, पडसे, संप, लग्नसराई यांना त्यात जागा नसते. मुदत ठरविताना कल्पनेला विचारू नये, मागील नोंदीला विचारावे. याच जातीच्या गेल्या कामाला तीन आठवडे लागले असतील, तर या खेपेला दहा दिवसांत होईल हे म्हणणाऱ्यापाशी काही सबळ कारण पाहिजे, आणि ‘या वेळी मी मनावर घेतले आहे’ हे कारण नव्हे.

आता मनाच्या बाजूकडे वळू. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक हिने १९२७ साली असे मांडले की, पुरी झालेली कामे माणूस विसरतो आणि अर्धवट सुटलेली त्याच्या अधिक स्मरणात राहतात. पुढे हेच प्रयोग करणाऱ्या सर्वांनाच तोच निष्कर्ष मिळाला असे नाही. पण न संपलेले काम ट्रॉलपच्या सावकारासारखे खुर्चीमागे येऊन उभे राहते, ही गोष्ट सिद्ध करावयास प्रयोगशाळा लागते असेही नाही. महत्त्वाचा शोध आहे तो २०११ सालचा. मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांना असे आढळले की, हा तगादा थांबविण्यासाठी काम पुरे करण्याचीच गरज नसते. ते केव्हा, कोठे आणि कसे करावयाचे याची नेमकी योजना केली तरी मन त्याचा पिच्छा सोडते. रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामे डोक्यात घोळू लागतात, त्यावर हा उपाय साधा आणि बिनखर्ची आहे. संध्याकाळी दहा मिनिटे बसून उद्याची यादी लिहावी. ‘बँकेचे काम’ असे मोघम न लिहिता ‘अकरा वाजता, कचेरीला जाताना, पासबुक घेऊन’ असे लिहावे. आणि यादी तीन-चार कलमांपुढे जाऊ देऊ नये. वीस कलमांची यादी ही योजना नसून चिंतेची नक्कल असते.

एका कामातून दुसऱ्यात उडी मारण्याचा दंडही मोठा आहे. पहिले काम अर्धे टाकून आपण उठलो की लक्षाचा काही अंश त्यातच गुंतून राहतो आणि दुसरे काम उरलेल्या अंशावर चालते, असे सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखविले. दर पाच मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या कौटुंबिक ग्रुपवरील शुभसकाळ पाहणारा माणूस दिवसभर काम करून दमतो ते उगीच नव्हे. माझ्या मते मनोनिग्रहाच्या गप्पांपेक्षा फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे अधिक फलदायी ठरते.

येथपर्यंत सर्व ठीक. पण या उपदेशग्रंथांत एक माणूस कधीच दिसत नाही. ट्रॉलप साडेपाचला मेजाशी बसे तो स्वतःच्या निग्रहावर नव्हे; एका वृद्ध नोकराला तो वर्षाकाठी पाच पौंड जादा देई, आणि तो नोकर आपल्या धन्याला उठवून त्याच्यापुढे कॉफी आणून ठेवी. वॉल्थम क्रॉस येथील ट्रॉलपच्या मुक्कामाच्या इतक्या वर्षांत त्या नोकराला एकदाही उशीर झाला नाही, आणि आपल्या यशाचे सर्वाधिक श्रेय कदाचित त्यालाच असेल, हे ट्रॉलपने मोकळ्या मनाने लिहून ठेविले आहे. आगगाडीत शिसपेन्सिलीने लिहिलेल्या मजकुराच्या स्वच्छ नकला त्याची पत्नी करीत असे. पण तो नोकर किती वाजता उठत होता? त्याच्या पहाटेचा हिशेब कोणत्या रोजनिशीत आहे?

हा प्रश्न आपल्याकडे अधिकच टोचतो. घरातील कर्ता पुरुष ‘मला दोन तास कोणी हाक मारू नका’ असे म्हणून दार लावून घेतो, तेव्हा दूधवाला, घंटागाडी, कुकरची शिट्टी, सासूबाईंचे औषध आणि शाळेची बस हे सर्व दाराबाहेर कोणीतरी झेलीत असते, आणि तिच्या दिवसाचे एकसंध दोन तास कोणी काढून देत नाही. नोकरी करून पदव्युत्तर परीक्षेला बसू पाहणाऱ्या गृहिणीला तीन तासांच्या अखंड बैठकीचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे. तिच्यासाठी माप लहान पाहिजे: एक पान, एक उदाहरण, एका प्रश्नाचा मसुदा, आणि वही जिथली तिथे उघडी मिळाली पाहिजे, म्हणजे प्रत्येक वेळी सुरुवात शोधण्यात तो तुटका वेळ खर्ची पडणार नाही. परंतु युक्तीने भागेल तेवढे भागवूनही बाकी उरते ती वाटणीचीच. घरातील कामे कोणी कोणती करावयाची याचा तोंडी वायदा न ठेवता ते कागदावर उतरविले, तर त्या घरातील काम जेवढे पुढे सरकेल तेवढे कोणत्याही पहाटेच्या मंत्राने सरकणार नाही. कचेरीतही हेच. ज्याचा साहेब दिवसातून सात वेळा ‘तातडीची फाइल’ म्हणून हाक मारतो, त्या कारकुनाला वेळेच्या नियोजनावरील व्याख्यानाला धाडण्यात अर्थ नाही. व्याख्यान साहेबाने ऐकले पाहिजे.

विश्रांतीचा मुद्दा आता वादाचा राहिलेला नाही. जर्मनीतील येना येथील त्साइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. उत्पादन घटले नाही, उलट किंचित वाढले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतही दीर्घ पाळ्या आणि रविवारचे काम यांमुळे हाती फारसे काही लागत नाही, असाच अनुभव आला. तरीही रात्री अकरापर्यंत कचेरीत दिवा जळणाऱ्या माणसाकडे आपण आदराने पाहतो, ही सवय जाण्यास अजून काही काळ लागेल.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण एकाग्र कामाच्या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते बहुधा अर्धेच दिले जाते. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत त्यांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढले. सुटे कागद मिळत नव्हते. पाने मोजून, आकडे घालून दिलेल्या बांधीव वह्या आणि पेन्सिल एवढीच सामग्री. कोणी भेटावयास येणारे नाही, अग्रलेखाची घाई नाही, सभा नाही. बाह्य व्यवधान सरले की केवढे काम होते याचा हा दाखला खराच (तुरुंगाची शिफारस मात्र कोणी करू नये). पण ज्या विचारांना त्या पाच महिन्यांत वाट मिळाली, ते फार वर्षांच्या मननाने आधीच पक्व झालेले होते, आणि त्या मननाची पाने कोणत्याही रकान्यात मोजता आली नसती.

मापाच्या बाजूने इतके बोलल्यावर त्याच्या विरुद्ध साक्ष देणारा एक ग्रंथ पुढे ठेवणे मला प्राप्त आहे. पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या हायकोर्टात वकिली करीत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करीत असताना तिला जोडावयास धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक थोडक्यात प्रस्तावना लिहावी, असे त्यांच्या मनात आले. ती आवृत्ती १९२६ साली निघाली आणि योजिलेली प्रस्तावना तीत मावली नाही. १९३० साली त्या प्रस्तावनेचा पहिला खंड झाला. दुसरा, तिसरा, चौथा होत होत ती ६,५०० पृष्ठांपलीकडे गेली. पार्किन्सनच्या नियमाचे याहून भव्य उदाहरण सापडणार नाही, आणि ट्रॉलपच्या रोजनिशीत हा माणूस पहिल्याच आठवड्याला नापास झाला असता. पाचवा खंड १९६२ साली पुरा झाला तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, आणि धर्मशास्त्रावर काही लिहू पाहणारा अभ्यासक आजही आधी त्या प्रस्तावनेकडे जातो.